काळ्या गाडीवरच्या रेघा कुणाच्या?

रमजानमधली गोष्ट. आमच्या शाळेतून दहावी करून बाहेर पडलेला एक मुलगा सिन्नरमध्ये गाड्या धुण्याच्या एका सेंटरवर कामाला आहे. त्याचं नाव लिहीत नाही, सेंटरचंही नाही. अस्रची नमाज झाल्यावर तो मशिदीबाहेर माझी वाट बघत थांबला होता. "सर, माझे तीन दिवसांचे पैसे कापले," एवढंच म्हणाला आणि खाली बघायला लागला.

झालं असं होतं की एका गिऱ्हाइकाची काळी गाडी त्याने धुऊन, हाताने वॅक्स लावून दिली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गृहस्थ तक्रार घेऊन आले. एलईडी दिव्याखाली बॉनेटवर गोल गोल बारीक रेघा दिसत होत्या, कोळ्याचं जाळं असावं तशा. पोराने गोल गोल हात फिरवला, म्हणून गोल रेघा उठल्या, असा निवाडा जागेवरच झाला. सेंटरवाल्याने गिऱ्हाइकाला दिलेली सूट मुलाच्या मजुरीतून वळती करून घेतली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बीएडला मला गाडीच्या रंगाबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं. पण या एका विषयात माझा अभ्यास पक्का आहे, कारण अशाच रेघा मी माझ्या स्वतःच्या गाडीवर स्वतःच्या हाताने ओढलेल्या आहेत. चार वर्षांपूर्वी जुनी गाडी घेतली, तीही काळी. घेतल्या घेतल्या उत्साहात अब्बांची जुनी सुती बनियन घेतली, अंगणातल्या गाडीवरची धूळ कोरडीच पुसली आणि वर डब्यातलं पॉलिश चोपडलं. सकाळी आरसा, रात्री जाळं. त्यानंतर दोन वर्षं मी जिथे जाईन तिथल्या पेंटरला, डेंटरला, गॅरेजवाल्या चाचांना हाच एक प्रश्न विचारत फिरलो.

म्हणून तरावीह झाल्यावर आम्ही तिघं, म्हणजे मी, तो मुलगा आणि सेंटरवाले, त्या गृहस्थांच्या दारात गेलो. माणूस सज्जन होता, चहा विचारला. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि बॉनेटवर धरला. टॉर्चच्या भोवती गोल जाळं दिसलं. टॉर्च हातभर डावीकडे नेला, जाळं डावीकडे आलं. उजवीकडे नेला, जाळं उजवीकडे. छतावर धरला, तिथेही तेच, टॉर्च मधोमध आणि भोवती वलयं.

"आता सांगा," मी म्हटलं, "या पोराने नेमकं कुठे गोल फिरवलं?"

यात जादू काही नाही. घरातल्या स्टीलच्या जुन्या डब्याचं झाकण दिव्याखाली धरून बघा, हेच दिसेल. पृष्ठभागावर हजारो बारीक ओरखडे सगळ्या दिशांनी असतात, सरळ, तिरके, आडवे. त्यातले जे ओरखडे दिव्याकडून येणाऱ्या उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, बाकीचे अंधारात राहतात. चमकणारे तेवढे जोडून डोळा दिव्याभोवती वर्तुळ तयार करतो. म्हणजे गोल दिसणाऱ्या रेघा हा गोल हात फिरवल्याचा पुरावा होत नाही. त्या जागी ओरखडे आहेत, एवढाच तो पुरावा. ते कुणी आणि कधी केले हे दिवा सांगत नाही.

ते पोर्चमध्ये टांगलेल्या पिवळ्या फडक्याने सांगितलं. शेजारी पिसांचा झाडूही होता. गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "मी रोज सकाळी स्वतः पुसतो हो, दुसऱ्या कुणावर सोडत नाही." मग त्यांचं त्यांनाच काहीतरी लक्षात आलं आणि ते गप्प झाले.

सिन्नरची धूळ ही काही साधी गोष्ट नाही. एकीकडे माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहती, दुसरीकडे शिर्डीकडे आणि पुण्याकडे जाणारे रस्ते, वरून हा सदा वाहणारा वारा. आपल्याच एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे. शाळेच्या सहली तिथे जातात, जगभरचे लोक आपल्या दख्खनच्या दगडातले स्फटिक बघायला येतात, आणि आपण सिन्नरकर तिथे पाहुण्यांना दाखवायला म्हणूनच जातो. त्या गारगोटीचा गुण लक्षात ठेवा. कठीणपणाच्या मोजपट्टीवर, जिच्यात हिरा १० वर आहे, गारगोटी ७ वर बसते. ती काचेला ओरखडा पाडते. रस्त्यावरच्या वाळूत आणि धुळीत तिचेच कण असतात. कोरड्या फडक्याने गाडी पुसणं म्हणजे पॉलिश पेपरने गाडी पुसणं, फरक फक्त पेपरच्या नंबराचा.

आणि पुसतो कशावर? गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात. खाली गंज रोखणारा, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन भरतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी एका केसापेक्षा पातळ पापुद्र्यावर उभी आहे. जुन्या अँबेसिडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात असा वेगळा पारदर्शक थर नसायचा. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा, त्यामुळे काय झिजतंय ते कारागिराला दिसायचं. आता झिजतं ते पारदर्शक असतं. फडकं स्वच्छ दिसतं आणि माणूस बेफिकीर होतो.

इथे एक घोळ आहे आणि तो आपल्या बोलण्यातून आलेला आहे. आपण सगळ्यालाच पॉलिश म्हणतो. बूट पॉलिश, गाडी पॉलिश, फर्निचर पॉलिश. पण गॅरेजमध्ये ज्याला रबिंग म्हणतात ते वेगळं आणि वॅक्स वेगळं. रबिंगच्या पेस्टमध्ये बारीक खर असते, ती क्लिअर कोट घासून खाली आणते, म्हणून ओरखडे जातात. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूची जमीनच खाली आणायची, असा तो हिशोब. वॅक्स काहीच काढत नाही. ते वर एक पातळ थर देतं, पाणी टिकू देत नाही, उन्हाचा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा पहिला मारा स्वतः झेलतं आणि एक-दोन महिन्यांत उडून जातं. बारीक रेघा ते थोड्या भरून झाकतं, पण घालवत नाही. चांगल्या वॅक्समध्ये कार्नौबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण. आपलं मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतं, हे ८० च्या वर. एप्रिलमध्ये काळ्या बॉनेटवर हात ठेवून बघा, मग ही दूरची झाडं का लागतात ते कळेल.

माझं मत स्पष्ट आहे. दर ईदला, दर दिवाळीला, प्रत्येक लग्नाआधी रबिंग-पॉलिश मारून घेणारे आपण लोक आपल्याच गाडीचं कातडं सोलतो आहोत. उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यं त्याच वरच्या थरात असतात. तो संपला की छतावर पांढरे चट्टे येतात, पापुद्रे सुटतात, आणि मग नवा रंग मारण्याखेरीज इलाज राहत नाही. रबिंग हे ऑपरेशन आहे, ते गरजेपुरतं आणि हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. वॅक्स ही रोजची निगा. आणि कोरडं फडकं पोर्चमधून आजच काढून टाकावं.

शोरूममध्ये विकली जाणारी कोटिंग? सिरॅमिक कोटिंग ही खरी वस्तू आहे, वॅक्सपेक्षा पुष्कळ टिकते. पण धुळीचं फडकं फिरलं तर तिच्यावरही रेघा उठतात, आणि आधीच जाळं असलेल्या रंगावर ती चढवली तर जाळं काचेच्या फ्रेममध्ये बसवल्यासारखं होतं. पैसे तुमचे.

तर मग रेघ न उठू देता वॅक्स लावायचं कसं? मला चाचांनी जे सांगितलं ते त्यांच्याच भाषेत देतो, "पहले पानी, फिर साबण, हाथ सबसे आखिर में." वॅक्स लावताना उठणाऱ्या बहुतेक रेघा वॅक्सच्या आधीच, धुताना, पेरलेल्या असतात.

गाडी सावलीत आणि थंड हवी. कडुनिंबाची सावली नको, वरून काहीतरी टपकत राहतं. सकाळी लवकर भिंतीच्या आडोशाला उत्तम. आधी नुसतं पाणी मारून सुटी माती खाली जाऊ द्यायची. आपल्याकडे पाण्याचा प्रश्न आहे, तालुक्याच्या पूर्व भागात टँकरची वाट बघणाऱ्या घरांचे विद्यार्थी माझ्या वर्गात असतात, तेव्हा पाइप सोडून गाडी धुणाऱ्याला मी चार गोष्टी ऐकवतोच. वाहत्या नदीकाठी वजू करत असाल तरी पाणी वाया घालवू नका, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे. मी द्राक्ष-कांद्यावर फवारणीला वापरतात तसला छोटा हातपंप आणला. नवाच घ्या, औषध मारलेला नको. एक पंप आणि दोन बादल्या, तीस-पस्तीस लिटरमध्ये माझी गाडी निघते.

दोन बादल्या का, तर एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. गाडीवरून हात फिरवून झाला की फडकं आधी साध्या पाण्यात पिळून माती तिथे सोडायची, मगच पुन्हा साबणात. एकच बादली असेल तर पाच मिनिटांनी तुम्ही चिखलाच्या पाण्याने गाडी घासत असता. वरून खाली यायचं. छत, काचा, बॉनेट, मग दारं, आणि दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी वेगळ्या फडक्याने. चाकांचं फडकं तर चुकूनही अंगाला लागू नये. कपड्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका, आधीचं वॅक्स उतरवून टाकतात. बोअरचं पाणी असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. मोठ्या मऊ टॉवेलने पाणी टिपून घ्यायचं. पुसायचं नाही, टिपायचं, बाळाचं अंग कोरडं करतात तसं.

यानंतरची एक गोष्ट मला फार आवडते. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची आणि बोटं रंगावरून हलकी फिरवायची. उघड्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, धुऊनही चिकटून राहिलेली खरखर. कारखान्यांची घासकाम करणारी चक्रं, ब्रेकची भुकटी, यातले लोखंडाचे कण रंगात रुतून बसलेले असतात. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मला अम्मी आठवली. अम्मीने आयुष्यभर विड्या वळल्या, सिन्नरच्या हजारो बायांसारख्या. तेंदूच्या पानाची जाडी आणि तंबाखूची मात्रा ती डोळ्यांनी बघत नसे, बोटांनी वाचत असे, आणि त्याच वेळी माझा पाठ ऐकत असे. ही बोटांची अक्कल कुठल्या गुणपत्रिकेत येत नाही. असो. खरखर लागली तर क्ले बार नावाचा मातीसारखा लगदा मिळतो, तो शाम्पूच्या पाण्यावरून अलगद फिरवला की कण उचलून घेतो. जोर नाही. आणि तो जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा, किती का महाग असेना.

आता वॅक्स. स्पंजची गोल गादी मिळते, ती किंचित ओली करायची, त्यावर रुपयाच्या नाण्याएवढं वॅक्स. एवढ्यात अर्धं बॉनेट व्हायला हवं. आपल्याला वाटतं जास्त लावलं की जास्त चमकेल. उलट आहे. जाड थर वाळला की निघत नाही, निघत नाही म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावला की रेघ. आरशावर फुंकर मारल्यावर येते तेवढी धूसर छटा पुरे. हात सरळ रेषेत फिरवायचा, बॉनेटवर पुढून मागे, दारांवर आडवा. गोल फिरवल्याने रेघा "बनतात" असं नाही, पण एखादा कण अडकलाच तर सरळ ओरखडा एका बाजूनेच दिसतो, गोल ओरखडा सगळीकडून दिसतो. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आधी कागदी टेप लावून घ्या, त्यात वॅक्स शिरलं की पांढरं पडतं आणि जाता जात नाही.

मग थांबायचं. डब्यावर लिहिलंय तितकं. बोट ओढून बघायचं, खाली स्वच्छ चकाकी दिसली तर तयार, बोट माखलं तर अजून थांबा. काढायला मायक्रोफायबरचं जाड फडकं, कडेची शिवण नसलेलं किंवा मऊ असलेलं. धुण्याच्या सूचनांची ती टोचरी चिठ्ठी कापून टाकलेली हवी, ती एकटी गाडीभर रेघा ओढू शकते. फडक्याची चौघडी केली की आठ बाजू मिळतात. एक बाजू भरली की पुढची. हाताचा नुसता भार, दाब नाही. ही फडकी सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, त्यांचे तंतू धरून ठेवतात. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रावणही नको, त्याने फडक्याचे केस बसतात आणि ते धूळ उचलायचं सोडून ओढायला लागतं.

एवढं सगळं त्या मुलाला येत होतं का? विचारलं. त्याला जवळपास सगळं येत होतं. गॅरेजच्या चाचांकडेच दीड वर्ष शागिर्दी केलेला होता तो. "सर, पण तिथे सगळ्या गाड्यांना एकच बादली असते. एकच स्पंज. दिवसाला इतक्या गाड्या झाल्याच पाहिजेत." म्हणजे त्या रेघांपैकी काही पोर्चमधल्या फडक्याच्या असतील आणि काही सेंटरच्या बादलीच्याही असतील, हे मला मान्य करायला हवं. पण फडकं गिऱ्हाइकाचं, बादली मालकाची, आणि पैसे कापले ते पोराचे.

इथे मला माझ्या वाचकांशी थोडं भांडायचं आहे, आतल्या आणि बाहेरच्या दोघांशीही. समाजमाध्यमांवर मुसलमानाला "पंक्चरवाला" म्हणून हिणवणारे आहेत. त्यांची गाडी रस्त्यात बसते तेव्हा ती कोण उठवतं ते त्यांना माहीत असतं, म्हणून त्यांच्यावर जास्त शब्द खर्च करत नाही. मला जास्त खुपतो तो आपला स्वतःचा सूर. "शिकला नाहीस तर गाड्या पुसशील" हे वाक्य मी पालकांच्या सभेत किती वेळा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर मीही वर्गात म्हटलंय. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की मुसलमानांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आणि पगारी नोकरीतलं प्रमाण कमी आहे. तो अहवाल आपण सवलतींच्या चर्चेत उद्धृत करतो. पण या हातांच्या कामाचा भाव कसा वाढेल, या मुलांना बिल बनवायला, दर सांगायला, गिऱ्हाइकाला समजावून द्यायला कोण शिकवेल, यावर मोहल्ल्यात बैठक झालेली मला आठवत नाही.

मुलांनी शिकावं, पुढे जावं, हे मी उद्याही सांगणार. माझा पगारच त्यासाठी आहे. पण त्या मुलाला कसलंही काम येत नसतं तर मला एवढं वाईट वाटलं नसतं. त्याला काम येत होतं, आणि आपल्याला काम येतं हे चारचौघांत मांडायची भाषा त्याच्याकडे नव्हती. भाषा शिकवणारा मास्तर मी होतो. तीन वर्षं तो माझ्या वर्गात बसला. मी त्याला निबंध शिकवला, पत्रलेखन शिकवलं, "मी पाहिलेला पावसाळा" लिहून घेतला. "हा दोष माझ्या कामाचा नाही, आणि का नाही ते असं" हे लिहायला किंवा बोलायला मी कधी लावलं नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी सांगितले आहेत. सुतार, माळी, कुंभार अशी नावं त्यात आहेत. बऱ्याच शाळांत हे दिवस रांगोळी आणि सहलीत जातात. मी यंदा मुख्याध्यापकांना विनंती केली आहे की एक दिवस या मुलाला बोलवावं, पाहुणा म्हणून, खुर्ची आणि मानधन देऊन. शाळेच्या अंगणात एक गाडी उभी करावी, कुणाचीही नको तर माझी. विज्ञानाच्या बाईंनी गारगोटी आणि काच आणावी, मी मुलांकडून कृती लिहून घेईन, उर्दूतही आणि मराठीतही. मुख्याध्यापक "बघू" म्हणालेत. शाळेत "बघू"चा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहे, पण मी पाठ सोडणारा नाही.

कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. "पुढच्या महिन्यात बघू," सेंटरवालेही म्हणाले. ते गृहस्थ मात्र ईदच्या दिवशी भेटले, गळाभेट झाली. पिवळं फडकं पोर्चमध्ये अजून टांगलेलं आहे, मी जाता-येता बघतो.

मुलाला मी रविवारी घरी बोलावलं, माझ्या गाडीसाठी. दर विचारला तर म्हणाला, "सर, तुमच्याकडून काय घेऊ?" मी म्हटलं, "जो सगळ्यांकडून घ्यायला हवा तो." बराच वेळ विचार करून त्याने एक आकडा सांगितला. कमी होता. मी दुसरा सांगितला. तीन तास लागले, आम्ही दोघंही होतो. दाराजवळ माझ्या हातातून फडकं निसटून फरशीवर पडलं. मी उचललं, झटकलं आणि पुन्हा लावायला गेलो, तर त्याने माझा हात धरला.

"सर, खाली पडलं ना ते. ते नको आता. दुसरं घ्या."